घरच्या पार्टीसाठी हातात धरून खायचे चार पदार्थ: नवशिक्यांसाठी प्रमाण, कृती आणि वेळापत्रक

घरच्या पार्टीत नवशिक्याची फजिती चवीमुळे क्वचित होते, बहुधा ती वेळेमुळे होते. पाहुणे दारात, कढईत पहिला घाणा, मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेली चटणी आणि हाताला बेसन, ही अवस्था येते कारण ठरवलेले सगळेच पदार्थ ऐन वेळी करायचे असतात. म्हणून पदार्थ निवडताना आधी एवढंच बघायचं की त्याचं किती काम आदल्या रात्री उरकतं, आणि तो गार झाल्यावरही खाण्यासारखा राहतो का. या दोन चाळण्यांतून बटाटेवडा, भजी आणि समोसा गळून पडतात. गरम असतानाच ते चांगले लागतात आणि पूर्ण वेळ कुणाला तरी कढईपाशी उभं करतात.

या लेखात चार पदार्थ घेतले आहेत: हिरव्या चटणीचं सँडविच, कोथिंबीर वडी, भाजीचं कटलेट आणि शेवपुरी. ऐन वेळी तव्यावर फक्त कटलेट असतं. वडी तासभर आधी परतून ठेवता येते, सँडविच दुपारीच तयार होतं, आणि शेवपुरी पाहुण्यांनी स्वतः लावून घ्यायची. चारही पदार्थांना ताट, चमचा, वाटी लागत नाही. कागदी रुमाल पुरतो.

ढोकळा यादीत नाही याचं काहींना नवल वाटेल. सोडा किंवा इनो घातल्यावर ढोकळ्याचं पीठ थांबत नाही, लगेच वाफेवर जावं लागतं. वीस जणांसाठी दोन-तीन थाळ्या लागतात आणि प्रत्येक थाळीला वेगळं पीठ फेसावं लागतं. हवाच असेल तर फरसाणवाल्याकडून किलोभर आणा आणि घरी फक्त फोडणी द्या.

किती करायचं

संध्याकाळी पाच ते सातची, केक आणि थोडा खाऊ अशी पार्टी असेल तर मोठ्या माणसामागे ६ ते ७ नग आणि लहान मुलामागे ४ ते ५ नग धरा. रात्रीचं जेवण याच्यावरच भागवायचं असेल तर माणशी १० ते १२ लागतात, आणि मग सोबत पोटभरीचं काहीतरी, निदान पावभाजी तरी, ठेवलेली बरी.

आपण १४ मोठी माणसं आणि ६ मुलं धरू. म्हणजे साधारण १३० नग. वडी ४०, कटलेट ४०, सँडविचचे त्रिकोण ४० आणि शेवपुरी ३०, असे १५० होतात. जास्तीचे वीस मुद्दाम आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याचे काही नग मोडतात, काही चव बघण्यात जातात.

पदार्थांची संख्या मात्र वाढवू नका. सहा पदार्थ थोडे थोडे करण्यापेक्षा चार पदार्थ भरपूर केले तर खर्च कमी येतो आणि शेवटी उरलेल्या अर्ध्या वाटीच्या सहा वस्तू फ्रीजमध्ये पडून राहत नाहीत.

बाजार

बटाटा, बेसन, पाव आणि पोहे हा स्वस्त माल आहे. पार्टीचं बिल फुगतं ते चीज, पनीर, फ्रोझन पाकिटं आणि तयार डिप यांनी. चार पदार्थांमध्ये यातलं काहीच लागत नाही. एक गोष्ट तेवढी बाजारभावावर अवलंबून आहे, ती कोथिंबीर. पावसाळ्यात तिचा भाव चढतो आणि जुडी भिजलेली, चिखलाची मिळते. तेव्हा वडी कोबीची करा. कोबी बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा, घट्ट पिळायचा, पुढची कृती तीच. फक्त पिठात मीठ घालताना कोबीला आधीच लावलेलं मीठ लक्षात ठेवा.

या लेखात वाटी म्हणजे १५० मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली. घरातली वाटी किती मिलीची आहे ते एकदा पाण्याने मोजून घ्या. वाटीतला फरक पिठाच्या पदार्थात लगेच दिसतो.

लागणारा मुख्य माल असा: बटाटे दीड किलो, निवडलेली कोथिंबीर ३०० ग्रॅम (मध्यम आकाराच्या तीन-चार जुड्या), बेसन पाव किलो, सँडविच ब्रेडच्या २२ स्लाइस (आकडा पाकिटावर बघा किंवा दुकानातच मोजा), लोणी १०० ग्रॅम, जाडे पोहे, मटार, गाजर, काकडी, शेवपुरीच्या चपट्या पुऱ्या ४०, बारीक शेव १५० ग्रॅम, चिंच, खजूर, गूळ आणि तेल अर्धा लिटर. पुऱ्या दहा जास्त घ्यायच्या, कारण पाकिटात तुटलेल्या निघतातच.

बटाटे शक्यतो जुने घ्या. नव्या बटाट्याची साल नखाने खरवडली तरी निघते आणि आत पाणी जास्त असतं. त्याचा लगदा चिकट होतो. सँडविच आणि शेवपुरीला तो चालून जातो, कटलेटला नाही.

बटाटे एकदाच उकडायचे

दीड किलो बटाटे तिन्ही पदार्थांसाठी आदल्या रात्री एकदमच उकडा. सालीसकट आणि अख्खे. कापून उकडले की कापलेल्या बाजूने पाणी पितात आणि कटलेट फुटण्याची सुरुवात तिथेच होते. कुकरच्या तळाशी पाणी, वर डब्यात बटाटे, डब्यात पाणी नाही, अशी रचना करा. मध्यम आकाराच्या बटाट्यांना मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या पुरतात. मग वाफ आपोआप जिरू द्या. सुरी मधोमध सहज गेली पाहिजे, पण साल फुटून बटाटा पसरलेला नसावा.

गार झाल्यावर न सोलता फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर गार झालेल्या बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो. त्याचे काप सुबक पडतात आणि किसलेला कीस मोकळा राहतो. ताज्या गरम बटाट्याचं कटलेट हाताला चिकटतं ते याच कारणाने.

हिरवी चटणी

सँडविच आणि शेवपुरी या दोन्हींना हीच चटणी लागते आणि कटलेटशेजारीही ठेवता येते. १५० ग्रॅम कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, मूठभर पुदिन्याची फक्त पानं, ७-८ हिरव्या मिरच्या, दोन इंच आलं, फुटाण्याचं डाळं ४ मोठे चमचे, जिरं १ छोटा चमचा, मीठ दीड छोटा चमचा, साखर १ छोटा चमचा आणि दोन लिंबांचा रस. मुलं बरीच असतील तर मिरच्या चारच घ्या.

आधी डाळं, जिरं, मीठ आणि साखर कोरडंच फिरवून पूड करा. मग मिरची, आलं, पानं आणि बर्फाचे तीन-चार खडे घाला. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि चटणी काळपट होते. पाणी लागलंच तर चमच्याचमच्याने. लिंबू अगदी शेवटी, मिक्सरमधून काढल्यावर पिळायचं. आंबटपणाने पानांचा हिरवा रंग हळूहळू शेवाळी होतो, त्यामुळे ही चटणी सकाळी करावी, आदल्या रात्री नाही.

डाळं वगळू नका. तेच पाणी धरून ठेवतं. डाळं नसलेल्या चटणीला तासाभरात पाणी सुटतं आणि ब्रेड खालून ओला होतो. ओलं खोबरं चवीला छान लागतं, पण उन्हाळ्याच्या दुपारी टेबलावर ठेवायच्या पदार्थात घालू नये, ते लवकर उतरतं. पुदिना जास्त झाला किंवा त्याचे देठ गेले तर चटणी कडवट लागते. मग आणखी साखर घालून ती सुधारत नाही, डाळं आणि लिंबू वाढवून थोडी निभते.

चटणीचे दोन भाग करा. दोन तृतीयांश घट्ट, सँडविचसाठी. उरलेल्यात तीन-चार चमचे पाणी घालून ती शेवपुरीसाठी सैल करा.

सँडविच

१० सँडविचचे ४० त्रिकोण होतात. २० स्लाइस, १०० ग्रॅम लोणी, घट्ट चटणी, उकडलेले मध्यम बटाटे ३, काकड्या २ आणि चाट मसाला. टोमॅटो घालू नका. बिया काढल्या तरी त्याला पाणी सुटतं, आणि हे सँडविच दोन-अडीच तास थांबणार आहे.

लोणी सकाळीच फ्रीजबाहेर काढा. कडक लोणी ब्रेड फाडतं. वितळवलेलं लोणी मात्र चालत नाही, ते ब्रेडमध्ये मुरतं. लोण्याचं खरं काम चवीइतकंच आडोशाचं आहे: ब्रेड आणि ओलं सारण यांच्यामध्ये तुपकट थर राहिला की ओल आत जात नाही. म्हणून लोणी दोन्ही स्लाइसना आणि अगदी कडेपर्यंत लावायचं. मधोमध एक ठिपका लावून सोडलेल्या सँडविचचे कोपरे आधी भिजतात.

सकाळी चार-चार स्लाइस एकावर एक ठेवून कडा कापा आणि स्लाइस पुन्हा पिशवीत घालून पिशवी बांधा. कापलेल्या कडा टाकू नका. मंद तव्यावर दहा-बारा मिनिटं हलवत कडकडीत करा, गार झाल्यावर मिक्सरला जाडसर फिरवा. कटलेटला लागणारा ब्रेडचा चुरा फुकटात तयार होतो.

दुपारी काकडी पातळ कापून स्वच्छ पंचावर दहा मिनिटं पसरा. मीठ लावू नका, मिठाने पाणी सुटतं. बटाट्याचे काप तीन मिलिमीटर जाडीचे. दोन्ही स्लाइसना लोणी, एकीवर दीड मोठा चमचा चटणी, बटाट्याचे चार काप, चिमूटभर चाट मसाला, काकडी, वर दुसरी स्लाइस. सगळी सँडविचं रचली की पाच-पाचच्या थप्पीवर हलकी ताटली पंधरा मिनिटं ठेवा. थर एकमेकांना धरतात आणि कापताना सारण सरकत नाही. मग दात्यांच्या सुरीने कर्णरेषेत दोनदा कापा. सुरी दाबायची नाही, करवतीसारखी पुढेमागे चालवायची, आणि दर दोन सँडविचनंतर पुसायची.

कापलेले त्रिकोण ताटात दाटीने उभे लावून घट्ट पिळलेल्या ओल्या मलमलीने झाका. पंचा पाण्याने टपटपत असेल तर वरचा ब्रेड भिजतो आणि कोरडा असेल तर कडा वाळतात. उकाडा असेल तर पाहुणे येईपर्यंत डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, एरवी फ्रीज टाळा. फ्रीजमध्ये ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा, कोरडा होतो.

कोथिंबीर वडी

४० ते ४५ वड्यांसाठी: बारीक चिरलेली कोथिंबीर ६ ते ७ वाट्या (साधारण १५० ग्रॅम), बेसन ३ वाट्या, तांदळाचं पीठ २ मोठे चमचे, आलं-मिरचीचं वाटण दीड मोठा चमचा, हळद अर्धा छोटा चमचा, धने-जिरे पूड २ छोटे चमचे, तीळ २ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, साखर १ छोटा चमचा, अर्ध्या लिंबाचा रस आणि मोहनाला तेल २ मोठे चमचे. लसूण हवा तर घाला. पाहुण्यांत कांदा-लसूण न खाणारे असतील तर ही बिनलसणाची वडी त्यांना चालते.

वडी बिघडण्याचं मूळ बहुतेक वेळा कोथिंबीर धुण्यात असतं. ओली कोथिंबीर चिरून बेसनात घातली की पीठ सैल होतं, मग आपण बेसन वाढवतो, ते पुन्हा चिकट वाटतं, पुन्हा बेसन. शेवटी कोथिंबिरीची वडी न होता बेसनाचा चिवट गोळा होतो. म्हणून कोथिंबीर निवडून, दोनदा धुऊन, चाळणीत निथळून, मग पंख्याखाली पंचावर तासभर तरी पसरायची. हे आदल्या संध्याकाळी आल्याआल्या करा. जाड देठ काढून टाका, कापताना ते सुरीला अडून वडी फुटते.

परातीत कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू आणि वाटण एकत्र करून दहा मिनिटं ठेवा. मिठाने कोथिंबिरीचं स्वतःचं पाणी सुटतं. मग बेसन, तांदळाचं पीठ, मसाले, तीळ आणि तेल घालून हाताने चोळा. आता कळेल खरं पाणी किती हवं ते. साधारण पाऊण वाटी लागतं, पण एकदम ओतू नका, चमच्याचमच्याने घ्या. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल पण हातात आकार धरणारा हवा. बेसन आधी चाळलेलं असेल तर आत कोरड्या गुठळ्या राहत नाहीत.

हाताला तेल लावून चार सेंटीमीटर जाडीच्या, पंधरा सेंटीमीटर लांबीच्या तीन वळकट्या करा. जाडी वाढवण्याचा मोह टाळा, जाड वळकटी बाहेरून शिजते आणि मधोमध पांढरट, कच्ची राहते. मोदकपात्र, इडलीचं भांडं किंवा शिटी काढलेला कुकर, काहीही चालेल. पाणी आधी खळखळ उकळू द्या, मगच तेल लावलेल्या चाळणीत वळकट्या ठेवा, मध्ये बोटभर अंतर सोडून. झाकणाला पंचा बांधा म्हणजे वाफेचं पाणी वर टपकत नाही. मध्यम आचेवर वीस मिनिटं. सुरी मधोमध खुपसून काढा, ओलं पीठ लागलं तर आणखी पाच मिनिटं.

पीठ फारच सैल झालं आणि वळकटी आकार धरेना, तर त्यात बेसन ओतत बसू नका. तेल लावलेल्या थाळीत ते दीड सेंटीमीटर जाडीचं थापा, पंधरा मिनिटं वाफवा आणि चौकोनी वड्या पाडा. कुणाला काही कळत नाही.

गरम वळकटी कापायची नाही. गरम असताना ती मऊ असते, सुरीबरोबर ओढली जाते आणि चुरा होतो. बाहेर पूर्ण गार होऊ द्या, मग डब्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी एक सेंटीमीटरच्या चकत्या सहज पडतात.

परतायला पसरट तव्यात तीन-चार मिलिमीटर तेल पुरतं. वडीची कड तेलाला टेकवली की बारीक बुडबुडे लगेच यायला हवेत. ते आले नाहीत तर तेल थंड आहे, आणि थंड तेलात वडी फक्त तेल पिते. दहा-बारा वड्या एका वेळी, मध्यम आच, प्रत्येक बाजूला अडीच-तीन मिनिटं. लवकर उलटू नका. खालची बाजू खरपूस झाली की ती आपोआप तव्यापासून सुटते. चाळीस वड्यांना चार घाणे, म्हणजे जवळपास पंचवीस मिनिटं लागतात. हा वेळ हिशेबात धरा.

काढलेल्या वड्या जाळीवर किंवा चाळणीत एका थरात ठेवा. डब्यात बंद केल्या की वाफेने मऊ पडतात. वर्तमानपत्रावर तर काढूच नका, छपाईची शाई तेलकट पदार्थाला लागते. अन्न वर्तमानपत्रात ठेवू नये असं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही बजावलेलं आहे.

कटलेट

उकडलेल्यांपैकी एक किलो बटाटा, मटार १ वाटी, मोठं गाजर १, हवं तर रंगासाठी उकडलेलं अर्धं बीट, जाडे पोहे दीड वाटी, आलं-मिरचीचं वाटण दीड मोठा चमचा, गरम मसाला १ छोटा चमचा, आमचूर १ छोटा चमचा, मीठ २ छोटे चमचे, मूठभर कोथिंबीर. वरच्या आवरणाला मैदा ४ मोठे चमचे आणि ब्रेडचा चुरा.

कटलेट फुटण्याला जवळजवळ नेहमी पाणीच कारणीभूत असतं. त्यामुळे सगळी कृती पाणी बाहेर ठेवण्याची आहे. बटाटे सोलून किसा. मिक्सरला लावू नका, पात्याने स्टार्च फुटून त्याची खळ होते आणि ती कशानेही सुधारत नाही. किसलेलं गाजर आणि उकडून ठेचलेले मटार चमचाभर तेलावर वाटणासकट तीन-चार मिनिटं परता, कढईत ओल दिसेनाशी होईपर्यंत. बीट घालणार असाल तर किसून आधी पिळा. ही भाजी पूर्ण गार करून बटाट्यात मिसळा.

पोहे कोरडेच मिक्सरला फिरवून पूड करा. भिजवलेल्या पोह्यांनीही कटलेट होतं, पण नवशिक्याला कोरडी पूड सोपी, कारण ती उरलीसुरली ओल शोषते. आधी तीन चतुर्थांश पूड घाला, मळा, दहा मिनिटं थांबा. गोळा बोटाला चिकटत नसेल तर पुरे. सगळी पूड सवयीने ओतली तर कटलेट आतून कोरडं, खुटखुटीत होतं. मीठ या टप्प्यावर चाखून बघा, बटाटा मीठ बराच खातो.

तीस-तीस ग्रॅमचे गोळे करा, लहान लिंबाएवढे. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर पहिला गोळा मोजा, मग बाकीचे अंदाजाने. पाच सेंटीमीटर रुंद, दीड सेंटीमीटर जाड चपटे करा. कडेला भेगा राहिल्या तर बोटाने बुजवा, कारण तळताना कटलेट तिथूनच उकलतं. ताटात लावून झाकून तासभर फ्रीजमध्ये. हे सकाळी करून ठेवता येतं.

मैद्यात थोडं थोडं पाणी घालून ताकाइतकं पातळ पीठ करा. अर्ध्या वाटीहून थोडं जास्त पाणी लागेल. दाट झालं तर आवरणाची साल सुटून येते. कटलेट एका हाताने पिठात बुडवा, निथळू द्या, दुसऱ्या हाताने चुऱ्यात घोळवा. दोन्ही कामं एकाच हाताने केली तर पाच कटलेटांनंतर बोटांवरच आवरण तयार होतं. चुरा कमी पडला तर उरलेल्या कटलेटांना बारीक रवा लावा. रव्याचं कवच जास्त कुरकुरीत होतं, फक्त परतायला मिनिटभर जास्त लागतं.

सगळी घोळवायच्या आधी एक तळून बघा. फुटलं तर गोळ्यात आणखी दोन चमचे पोह्याची पूड मिसळा. कटलेट तेल प्यायलं तर आच कमी होती. बाहेरून काळं आणि आत गार राहिलं तर आच जास्त होती किंवा कटलेट फ्रीजमधून काढून थेट तव्यात टाकलं. परतण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. प्रत्येक बाजूला तीन मिनिटं, मध्यम आच, आणि तव्यात टाकल्यावर पहिली दोन मिनिटं हात लावायचा नाही. उलथन्याने सारखं डिवचलेलं कटलेट मोडतंच. तेलात पडलेला चुरा प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढा, नाहीतर तो जळून पुढच्या कटलेटांना काळे ठिपके आणि कडू चव देतो.

शेवपुरी

इथे शिजवायचं फक्त गोड चटणी एवढंच. ५० ग्रॅम चिंच, १०० ग्रॅम बिया काढलेला खजूर आणि ७५ ग्रॅम गूळ दीड वाटी पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळा, गार करून वाटा, गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, तिखट आणि मीठ घाला. ती चमच्यावरून संथ ओघळायला हवी. ही चटणी दोन-तीन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते.

बाकी मांडणी: उकडलेल्या दोन-तीन बटाट्यांच्या बारीक फोडी मीठ-तिखट लावून, दोन बारीक चिरलेले कांदे, बिया काढून चिरलेले दोन टोमॅटो, दोन्ही चटण्या, चाट मसाला, शेव, कोथिंबीर. सगळं वाट्यांत, आणि पुऱ्या झाकणाच्या डब्यात. दमट हवेत उघड्या पुऱ्या अर्ध्या तासात मऊ पडतात. त्यामुळे डबा बंद करायचं काम घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाकडे सोपवा.

पुरीवर बटाटा सर्वांत खाली, कारण चटणीची ओल तो अडवतो. मग कांदा, टोमॅटो, दोन्ही चटण्या अर्धा-अर्धा छोटा चमचा, मसाला आणि शेवटी शेव. लावल्यापासून दहा मिनिटांत खाल्ली पाहिजे. म्हणूनच ती ताटात आधी लावून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या सहा पुऱ्या तुम्ही लावून दाखवल्या की पुढे लोक स्वतः लावतात.

कुठलं काम कधी

पार्टी पाचला आहे असं धरू. आदल्या दिवशी संध्याकाळी बाजार झाल्यावर कोथिंबीर निवडून धुऊन पसरायची, तोवर बटाटे कुकरला लावायचे आणि शेजारच्या शेगडीवर गोड चटणी. रात्री वळकट्या वाफवून, गार करून फ्रीजमध्ये. हे दोन-अडीच तासांचं काम आहे आणि याने दुसऱ्या दिवसाचा निम्मा भार उतरतो.

सकाळी हिरवी चटणी करून फ्रीजमध्ये, ब्रेडच्या कडा आणि त्यांचा चुरा, कटलेटचे गोळे वळून फ्रीजमध्ये. लोणी बाहेर काढायला विसरू नका. दुपारी अडीचला सँडविचं लावायला घ्या, साडेतीनपर्यंत ती कापून झाकलेली असावीत. मग वड्यांच्या चकत्या पाडा, कटलेट पिठात-चुऱ्यात घोळवून ताटांत मांडा. चार ते साडेचार वड्या परता. साडेचारला कांदा-टोमॅटो चिरून शेवपुरीच्या वाट्या मांडा. कांदा याहून आधी चिरला की उग्र होतो. पावणेपाचला कटलेटचे पहिले दोन घाणे, उरलेले दोन पाहुणे आल्यावर. पहिली पंधरा-वीस मिनिटं लोक सँडविच आणि वडीवर असतात, त्यामुळे घाई नसते.

चहा त्या वेळी ठेवू नका. वीस कप चहा एक शेगडी अर्धा तास अडवतो, आणि तेव्हा तीच शेगडी कटलेटला हवी असते. सकाळी करून गार केलेलं कोकम सरबत किंवा उन्हाळ्यात पन्हं द्या. चहा शेवटी.

पाच वर्षांखालची मुलं असतील तर पदार्थांना टूथपिक टोचू नका आणि टेबलावर अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षं ठेवू नका, घशात अडकतात. द्राक्षं ठेवायचीच तर उभी चिरून.

बटाटा असलेले पदार्थ आणि हिरवी चटणी उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये. त्यामुळे सगळं एकदम टेबलावर आणण्यापेक्षा निम्मं आधी ठेवा आणि ताट रिकामं होईल तसं भरा. घोळवून न परतलेली कटलेटं उरली तर डब्यात थरांमध्ये प्लास्टिकचा कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, नंतर न वितळवता मंद आचेवर थोडी जास्त वेळ परतायची. उरलेली वडी दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर गरम केली की पुन्हा कुरकुरीत होते, मायक्रोवेव्हमध्ये मात्र ती रबरासारखी होते. सँडविच उरलंच तर बाहेर राहिलेलं टाकून द्या. झाकून फ्रीजमध्ये ठेवलेलं असेल तर त्याच रात्री तव्यावर लोणी सोडून भाजून संपवा.